चिंचटाकळीच्या पांढरीत भूत नव्हतं

शाळेसाठी जागा बघायची तर आधी पायातले जोडे काढावे लागत. निजामाच्या राज्यात तालिमात खात्यात, म्हणजे शिक्षण खात्यात, मी जागा पाहणारा कारकून होतो. औरंगाबादेहून निघायचं, सरकारी मोटार जाईल तिथवर मोटारीनं आणि पुढं बैलगाडीनं. चावडीत गूळपाणी झालं की मी जोडे हातात घेऊन नेमलेल्या जागेवर अनवाणी फिरायचो. पोरं हसायची. पण काळी माती तळपायाला लगेच कळते. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि तिच्यावरची भिंत फार दिवस सरळ राहत नाही. मुरूम टोचतो, आणि टोचलेला आम्हाला आवडायचा.

दुसरी परीक्षा पाण्याची. हातभर खड्डा करायचा, त्यात घागरभर पाणी ओतायचं आणि शेजारी बसून राहायचं. पाणी साचून राहिलं तर खाली चिकण आहे. हळूहळू मुरलं तर जागा चांगली. बसून राहण्याचा हा भाग मला फार आवडे, कारण तेवढ्या वेळात गावातली निम्मी माणसं येऊन गप्पा मारून जात.

तिसरी परीक्षा मी लासूर स्टेशनजवळच्या एका वाडीत शिकलो. तिथं जागा उत्तम होती, कागद तयार होते, आणि बायका म्हणत होत्या की आम्ही पोरं पाठवणार नाही. कारण विचारलं तर एकच उत्तर, मालगाडी. रूळ तर जागेपासून चांगले लांब होते. मी चिडलो. मग एक बाई म्हणाली, "साहेब, तुम्ही जागा बघितली. वाट कुठं बघितली?" वाडीतून शाळेकडं जाताना रूळ ओलांडावे लागत, आणि मालगाडी उभी असली की पोरं डब्यांखालून सरपटत पलीकडं जात. मी तिथं बसून ते डोळ्यांनी पाहिलं. जागा अलीकडं घेतली. तेव्हापासून नियम केला की आयांना विचारल्याशिवाय खुंटी ठोकायची नाही. हा नियम मी मोडला तो चिंचटाकळीत, आणि आज जे लिहायचं आहे ते त्याबद्दलच आहे.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडून निजामी अमदानीतले गमतीचे किस्से मागितले. त्यांना 'भुतांची टाकळी' हवी होती. पाचोडकडचं एक गाव, सरकार शाळा देतंय आणि गाव भुताच्या भीतीनं नको म्हणतंय, असा तो किस्सा. माझ्या नात्यात आणि कचेरीत तो ऐकला नाही असा माणूस नसेल. मीच तो सांगत आलो. तो खोटा आहे.

त्या वर्षी आमच्या मोहतमिमसाहेबांकडं, म्हणजे जिल्ह्याच्या शाळाखात्याच्या साहेबांकडं, पाचोड भागासाठी एकाच इमारतीची मंजुरी आली होती. साहेब मोठे दिलदार. प्रत्येक गावात मदरसा, म्हणजे शाळा, व्हावी असं त्यांना मनापासून वाटे. चिंचटाकळीला गावाच्या मधोमध, चावडीमागं एक मोकळी जागा होती. खाली मुरूम, वर जुन्या गावठाणाची पांढरी माती, उंच आणि कोरडी. सरकारी जागा, कुणाच्या सह्या नकोत. गावात घरं एकमेकांना चिकटून उभी असताना इतकी चांगली जागा मोकळी का ठेवली असेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी त्या दिवशी खुशीत होतो. साखळी टाकली, खुंट्या ठोकल्या, चुन्यानं आखणी केली आणि चावडीत जाऊन झोपलो.

सकाळी पाहतो तर आखणी गायब. बायकांनी सगळ्या मैदानावर शेणाचा सडा टाकून वर रांगोळी काढली होती. खुंट्या उपटून चावडीच्या दारात नीट मोळी बांधून ठेवल्या होत्या. सरकारी मालाचं नुकसान नको, एवढी काळजी त्यांनी घेतली होती.

मी गावाला चावडीत बोलावलं. शाळा नको म्हणून कुणी बोललं नाही. ही जागा नको, एवढंच. का नको, तर एकानं सांगितलं साप निघतात, दुसरा म्हणाला बैल सुटून तिथंच येतात, तिसऱ्याला वाऱ्याची भीती होती. माणिकराव पाटील म्हणाले, तिथं आमची होळी पेटते. मग त्यांनी स्वतःच्या मळ्यातला मुरमाड तुकडा देऊ केला, फुकट. मी म्हणालो, पाटील, खाजगी जमीन घ्यायची तर कागद हैदराबादेला जाणार, तिथं जागेच्या बदलाचं कारण विचारणार. तुम्ही मला कारण द्या. पाटील धोतराचा सोगा नीट करत बसले. मागच्या बाजूनं एक म्हातारी एवढंच म्हणत राहिली, "लेकरं तिथं नको, बाबा."

ती गयाबाई. पंधरवड्याच्या दौऱ्यात एखादं गाव मला घरच्यासारखं वाटे, तसं हे गाव पुढं तिच्यामुळं वाटलं. पण त्या क्षणी मला तिचाही राग आला होता.

मी उठलो, कुदळीनं मैदानात खड्डा केला आणि घागर उचलली. सगळं गाव पाठीमागं आलेलं. पाणी ओतणार तोच गयाबाईनं माझं मनगट धरलं. सरकारी माणसाच्या अंगाला हात लावायची तेव्हा कुणाची छाती नव्हती. तिच्या पकडीत चांगलाच जोर होता.

"पानी नको टाकू तिथं," ती म्हणाली.

"आजी, पाण्यानं काय होतंय?"

तिनं मनगट सोडलं नाही. मी वैतागून विचारलं, "बाधा आहे का कुणाची? भूतबीत?"

आता आठवलं की दिसतं, पाटलांचा चेहरा केवढा हलका झाला होता ते. "व्हय साहेब," ते लगेच म्हणाले, "तसंच समजा." मग मागून दोघंतिघं म्हणाले, लई जुनं भूत हाय. म्हणजे ते भूत चिंचटाकळीनं आणलं नव्हतं. मी आणलं होतं. त्यांनी फक्त त्याला बसायला पाट दिला.

मी सामान आवरू लागलो. गयाबाई म्हणाली, जेवल्याबिगर जायचं नाय. तिच्या घरात ती आणि तिची नात कौशी, दोघीच. अंबाडीची भाजी, ठेचा, ताक आणि चुलीवरची गरम भाकरी. मी पहिला घास तोंडात घातला आणि थांबलो.

हा वास मला ओळखीचा होता. गंगापूरकडं माझ्या मामाच्या गावी पेवं होती. हल्लीच्या वाचकांना पेव ठाऊक नसेल. जमिनीत खोल खणलेली धान्याची कोठी, आकार रांजणासारखा, तोंड एका माणसाच्या अंगापुरतं आणि पोट खोलीएवढं. आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर शिळा ठेवून माती लोटायची. वरून काही दिसत नाही. ज्वारी वर्षानुवर्षं टिकते, पण तिला एक आंबूस, कोंदट वास लागतो आणि तो भाकरीतही राहतो. एकदा खाल्लेला माणूस विसरत नाही.

ते दुसऱ्या महायुद्धाचे, मोठ्या लढाईचे दिवस होते. लेव्हीचे, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीचे लोक गावोगाव फिरत. पीक किती आलं याचा अंदाज कचेरीत बसून केलेला असे आणि सरकारचा हिस्सा त्या अंदाजावर ठरे. घरात ठेवलेलं धान्य ते मोजून नेत. चिंचटाकळीनं वर्षाच्या भाकरीपुरती ज्वारी त्यांच्यापासून कुठं ठेवली होती, ते मला त्या एका घासात कळलं. ज्या मैदानावर मी खुंट्या ठोकल्या होत्या, त्याच्या पोटात.

मी वर पाहिलं. गयाबाई माझ्याकडंच बघत होती.

"वास येतो व्हय?"

"येतो."

"काय करू मंग? घरात दुसरं पीठ नाय. अन् दारातून मानूस उपाशी कसं धाडू?"

मी उरलेली भाकरी खाल्ली. ती चुलीपाशी बसून हळू आवाजात बोलू लागली. ज्वारीची भीती होतीच. पण सगळ्यांत मोठी भीती ती नव्हती. मैदानात भरलेली पेवं थोडी, जुनी रिकामी पुष्कळ. कुठं कुठं आहेत ते कुणालाच ठाऊक नाही. ज्यांची होती ते म्हातारे मेले, तोंडं बुजली, आत पोकळी तशीच. पाया खणला तर भरलेली सापडतील. खणताना हाती लागली नाहीत तर रिकामी एक दिवस पोरांच्या पायाखाली खचतील.

आणि पेव म्हणजे काय ते तिला माहीत होतं. बंद पेवात विषारी हवा साचते. तोंड उघडून दिवसभर तसंच ठेवायचं, मग दोरीनं दिवा सोडायचा, तो विझला नाही तर माणसानं उतरायचं. "त्या दिवशी सोयरे यायचे होते," ती म्हणाली. "घरात दाना नव्हता. हे म्हनले, दुपार होऊ दे. म्याच म्हनलं, उतरा की, काय होतंय." ती विस्तवावरची राख बाजूला करत राहिली. कौशी दारात बसून माझ्या पट्टीनं उंबरठा मोजत होती.

"शाळा पायजे बाबा. या पोरीसाठी तर पायजेच. पर तिथं नको."

आता काय करायचं ते मी वाटेत ठरवलं नाही, तिथंच पाटलांना बोलावून ठरवलं. 'जमीन पोकळ' असं खरं कारण लिहिलं तर तामीरात खात्याचे, म्हणजे बांधकामाचे लोक खणून बघायला येणार, आणि खणल्यावर ते लेव्हीला कळणार. तेव्हा कारण असं हवं की कुणी तपासायला येणार नाही. मी म्हणालो, भुताचंच लिहितो, आणि त्या जागेऐवजी तुमचा मळ्यातला तुकडा सुचवतो.

पाटील हसले. "लिहा. भुताकडं लेव्ही मागायला कुनी येत नाय."

गयाबाई हसली नाही. तिनं विचारलं, "गावाचं नाव खराब होईल का रे?"

"चार दिवस हसतील आजी. शाळा मात्र मळ्यात होईल."

"हसू दे मंग," ती म्हणाली.

मी अहवाल लिहिला. खोटं लिहिलं त्याची मला आजही लाज वाटत नाही. त्या वर्षी त्या गावात कुणी उपाशी राहिलं नाही. पुढं जे झालं ते लिहायला मात्र हात जड होतो.

साहेबांनी अहवाल वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "मुन्शीजी, सच्ची बोलो, क्या बोलते लोगाँ?" मी ठरवून गेलो होतो की दोन वाक्यं बोलून गप्प बसायचं. पण साहेबांच्या ओठावर हसू दिसलं आणि माझ्या अंगात नट संचारला. सडा, रांगोळी, मोळी बांधलेल्या खुंट्या, सगळं सांगितलं. गयाबाईनं मनगट धरलं ते तिच्या आवाजात करून दाखवलं, डोळे मोठे करून. बाजूच्या खोलीतले कारकून दारात येऊन उभे राहिले. साहेब हसून हसून डोळे पुसत होते.

मग ते गंभीर झाले. म्हणाले, "जिन लोगाँ को मदरसे से ज़्यादा भूत का डर है, उनको अभी मदरसा क्या देना? बाजू के गाँव को देंगे. इनका नंबर बाद में."

मी तिथं उभा होतो. साहेब भले गृहस्थ होते. कारकुनांना बाहेर काढून, दार लोटून खरं सांगितलं असतं तर त्यांनी ते पोटात ठेवलं असतं अशी माझी आज खात्री आहे. त्या वेळी मला वाटलं, आत्ताच सगळे हसलेत, आता कसं सांगू. एवढंच कारण. माझ्याकडं दुसरं नाही, आणि शोधून पाहिलं आहे.

शाळा नदीपलीकडच्या गावाला गेली. चिंचटाकळीची पोरं कोरड्या दिवसांत नदीतून जात, पावसाळ्यात घरी राहत. पोरींना कुणी पाठवलं नाही. मी त्या बाजूचे दौरे दुसऱ्याला देत राहिलो. एकदा पाचोडच्या बाजारात माणिकराव पाटील भेटले. मी खाली मान घातली. त्यांनी मला वांगी घेऊन दिली आणि शाळेचा विषय काढला नाही. निघताना म्हणाले, गयाबाई विचारत असते, साहेब पुन्हा जेवायला कधी येतोय.

मी गेलो नाही. पुढं लढाई संपली, निजामी गेली, लेव्ही गेली; चिंचटाकळीला स्वतःची शाळा मिळाली ती फार उशिरा. आता खरं सांगायला कुणाची भीती नव्हती. पण किस्सा एव्हाना माझा राहिला नव्हता. कचेरीत चिंचटाकळीचा माणूस कामाला आला की कारकून विचारत, भूत बरं आहे ना? आणि कुणी आग्रह केला की मी स्वतः सांगत असे. लग्नात, पंगतीत, गयाबाईच्या आवाजासकट. ती गेल्याचंही मला कुणीतरी असंच बोलता बोलता सांगितलं होतं. त्यानंतरही मी तिचा आवाज काढलेला आहे.

गेल्या वर्षी औरंगाबादेत भाच्याच्या मुलीच्या लग्नात असाच आग्रह झाला आणि मी किस्सा सांगितला. समोर बसलेला एक तरुण मास्तर सगळ्यांसारखाच हसला. मग म्हणाला, "आमच्याच गावचं आहे हे, काका. आमच्या आजोबांच्या वेळी मानायचे भूत. आता आम्ही त्याच जागेवर शाळेच्या नव्या खोल्या बांधतोय. मुद्दाम तिथंच. अंधश्रद्धा मोडायला."

मी विचारलं, गावात कुणाची हरकत नाही?

"एक म्हातारी आहे, कौशल्याबाई. रोज येऊन लेकरं तिथं नको म्हणते. पेवं आहेत म्हणते. सगळे हसतात. पेवं कुणी बघितलीत? आम्ही समजावलं, आजी, भूत नसतं."

जिलबी पानात तशीच राहिली. ज्यांनी पेवं भरली ती माणसं गेली होती, आणि मागं राहिलं होतं ते माझं भूत. त्या भुतानं खरा धोका झाकून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी मी पाचोडची एसटी धरली, तिथून जीप. मैदानावर आखणी झालेली होती, खुंट्या ठोकलेल्या होत्या, आणि मधोमध एक पांढऱ्या केसांची बाई गोणपाटावर बसून शेंगा सोलत होती. मी नाव सांगितलं. तिनं मला निरखून पाहिलं आणि म्हणाली, "पट्टीवाले साहेब."

मास्तर आले, सरपंच आले, बघे आले. मी त्यांना सगळं सांगितलं, जसं वर लिहिलं आहे तसं. त्यांनी आदरानं ऐकलं, पण म्हाताऱ्या माणसाचं ऐकतात तसं. शेवटी मी जोडे काढले. मैदानावर अनवाणी फिरलो, टाच आपटत. एका ठिकाणी थांबलो, खड्डा करायला सांगितला आणि एक घागर पाणी मागितलं. ते कौशल्याबाईनं आणलं.

या वेळी माझं मनगट कुणी धरलं नाही. मी पाणी ओतलं. आधी ते जरा थांबलं. मग खड्ड्याच्या तळाशी माती आत सरकली आणि सगळी घागर एका घोटात गेली. खालून, चांगलंच खालून, पाणी पडल्याचा आवाज आला. मास्तर गुडघ्यावर बसले, खड्ड्यात वाकून पाहू लागले, तेव्हा कौशल्याबाईनं त्यांना खांद्याला धरून मागं ओढलं.

त्या दिवशी खुंट्या निघाल्या. खोल्या आता पाटलांच्या मळ्याकडच्या मुरमावर होताहेत. माणिकरावांच्या नातवानं तोच तुकडा दिला.

मी जेवायला थांबलो. भाकरी ताज्या पिठाची होती. मी कौशल्याबाईला म्हणालो, तुझी शाळा माझ्यामुळं गेली. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "गेली खरं." माझ्या पानात आणखी भाकरी वाढली. आजी तुमच्यावर कधी रागावली नाही, असं तिनं सांगितलं. पण लोक हसले की तिला एका गोष्टीचं वाईट वाटायचं.

मी म्हणालो, आता मी हे सगळं लिहून छापणार आहे. तुला त्यात काय हवं ते सांग.

तिनं विचार केला. "आमची आजी रातच्याला एकटी मळ्यात पानी धरायला जायची," ती म्हणाली. "भुताला ती भीत नव्हती. एवढं लिवा."

गयाबाई भुताला भीत नव्हती.